दुसऱ्या यंत्राला गुण द्या

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या यंत्र अभियांत्रिकी अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,



मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षं वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुना शेपर, ड्रिलिंग, वेल्डिंगचा सेट आणि पाच माणसं, एवढाच पसारा. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा. तुम्ही शिकवणारी माणसं, मी लोखंड कापणारा. पण बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जिथं प्रत्यक्ष तयार होतात त्या जागी मी उभा असतो. तिथून जे दिसतं ते तुमच्या बैठकीपर्यंत पोचत नसावं असं वाटलं, म्हणून हे पत्र. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुम्ही अभ्यासक्रम पुन्हा मांडताय, तेव्हा सांगायची वेळही हीच आहे.

जानेवारी संपत आला की माझे फोन सुरू होतात. ‘काका, मेकॅनिकलचा प्रोजेक्ट करून मिळेल का? मार्चमध्ये सबमिशन आहे.’ कोणता प्रोजेक्ट, असं विचारलं की पोरगा जरा थांबतो आणि म्हणतो, ‘तुमच्याकडं काय तयार आहे?’

मी तयार प्रोजेक्ट दिलेले आहेत. हे लपवून पुढं लिहिण्यात अर्थ नाही. पत्रा वाकवायचं यंत्र, न्यूमॅटिक बंपर, पायडलवर चालणारी करवत, एकाच मोटरवर भोक पाडणारं आणि कापणारं यंत्र. आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेलं गिअरलेस ट्रान्समिशन. दोन शाफ्ट काटकोनात बसवायचे, दोन्हींच्या हबना तीन-तीन भोकं पाडायची आणि काटकोनात वाकवलेल्या तीन सळ्या त्यांत घालायच्या. एक हब फिरवला की सळ्या आत-बाहेर सरकतात आणि दुसरा हब आपोआप फिरतो. बघायला फार छान दिसतं. हे यंत्र मी ११ वेळा केलं. त्यावर भार दिला की सळ्या भोकात घासतात, तापतात, भोकं झिजून ढिली होतात. हे कुठं वापरायचं, कितपत भार घेईल, वंगण कसं द्यायचं, असं ११ पैकी एकाही गटानं मला विचारलं नाही. पैसे मी वाजवून घेतले. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

मुलं आळशी आहेत असं म्हणून मी मोकळा होणार नाही. माझ्याकडं येणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची, रिक्षावाल्यांची आहेत आणि त्यांची बोटं कामाला आसुसलेली असतात. त्यांना तयार प्रोजेक्टकडं ढकलतो तो तुमच्या गुणांचा तक्ता. सातव्या सत्रात विषय ठरतो, सिनॉप्सिस जातो. पेपर, प्लेसमेंट यात दिवाळी निघून जाते. आठव्या सत्रात हातात उरतात जेमतेम दहा आठवडे. त्यातले निम्मे अहवालात जातात, कारण काळ्या बांधणीत सोनेरी अक्षरांचं ते जाडजूड पुस्तक वेळेत द्यायचं असतं. मग व्हायव्हा. बाहेरचे परीक्षक येतात, एका दिवसात अनेक गट बघतात. प्रत्येक यंत्रासमोर दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात यंत्र चाललं पाहिजे. चाललं तर गुण, अडकलं तर गुण गेले.

आता त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. नवीन काही करायला गेलो आणि ऐन वेळी अडकलो तर चार वर्षांच्या गुणपत्रिकेवर डाग. सात वर्षांपूर्वीच्या गटानं केलेलं, चालतं हे माहीत असलेलं यंत्र पुन्हा केलं तर काही धोका नाही. शहाणा मुलगा दुसरीच वाट धरणार. आपणच ती आखून दिली आहे.

एका वर्षीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझं मत तिच्यामुळं बदललं.

चौघांचा गट होता, तीन मुलगे आणि एक मुलगी. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र. ड्रॉइंग जुन्या अहवालातून उचललेलं. कॉम्प्युटरवर नीट काढलेलं होतं, रंगीत, फिरवून दाखवता येणारं. शाफ्टचा व्यास लिहिला होता २५.००० मिलिमीटर. दशांशानंतर तीन शून्यं, पण टॉलरन्स कुठंच नाही. मी विचारलं, ‘किती सैल, किती घट्ट?’ चौघं एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, ‘काका, हा शाफ्ट मी टर्न करू?’

तिनं लेथ पहिल्या वर्षी बघितला होता. वीस जणांच्या बॅचमध्ये एक जॉब, आणि तो बहुतेक शिक्षकांच्याच हातानं पुरा झालेला. आमच्या मेस्त्रींनी तिची ओढणी मागं बांधायला लावली, चष्मा दिला आणि शेजारी उभे राहिले. तिनं सव्वा तास लावला. शेवटचा काप जरा जास्त खोल गेला. मायक्रोमीटर लावला तर माप आलं २४.८५. बेअरिंग ६२०५, त्याचं भोक २५ मिलिमीटरचं. शाफ्टवर बेअरिंग हातानं सरकत गेलं आणि तसंच परत बाहेर आलं. तिला वाटलं, सहज बसलं म्हणजे जमलं. मेस्त्रींनी बेअरिंग बसवून शाफ्ट तिच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘हलवून बघ.’ खडखड वाजलं. दीडशे मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या जाडीच्या जवळपास दुप्पट. ‘आता ही आतली कडी शाफ्टवर घसरत राहणार,’ मेस्त्री म्हणाले, ‘शाफ्ट खाऊन टाकणार. पंधरा दिवसांत यंत्र थरथरायला लागेल.’

तिनं दुसरा तुकडा मागितला. तो शाफ्ट तिनं तीन तासांत केला. शेवटी दर कापानंतर थांबून, थंड होऊ देऊन मोजत होती, कारण गरम लोखंड मोठं माप दाखवतं हे तिला मधल्या चहाच्या वेळी मेस्त्रींनी सांगितलं होतं. बेअरिंग पाइपच्या तुकड्यानं हलकं ठोकत बसवावं लागलं. त्या संध्याकाळी चौघांपैकी कुणीच सात वाजेपर्यंत घरी गेलं नाही. माझं मात्र चुकलं ते पुढं. दिवस कमी होते म्हणून बाकीचं यंत्र आम्हीच नऊ दिवसांत बांधून दिलं.

व्हायव्हा झाला. अहवालात लिहिलं होतं, कार्यक्षमता ९२ टक्के. बाजारातून कडक वाळलेल्या शेंगा आणून दोन किलो फोडल्या होत्या आणि किती शेंगा फुटल्या एवढंच मोजलं होतं. गुण चांगले पडले. यंत्र कॉलेजच्या व्हरांड्यात जाऊन बसलं. तिथं आधीच्या वर्षांची अशीच यंत्रं रांगेनं होती. दर दोन-तीन वर्षांनी ती भंगारात वजनावर जातात. मीच केलेला एक स्टँड मी उद्यमनगरातल्या भंगारवाल्याकडं पाहिलेला आहे.

जूनमध्ये ती मुलगी परत आली. कॉलेजकडून यंत्र मागून घेतलं होतं आणि टेम्पोनं पन्हाळ्याच्या बाजूला आजीच्या गावी नेलं होतं. उन्हाळी भुईमूग नुकताच निघाला होता. तिच्या वहीत चार पानं भरलेली होती, ती मला तिनं उभ्याउभ्या वाचून दाखवली. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर शेंगा भरलेल्या असताना सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते. हॉपर जमिनीपासून चार फुटांवर, बायकांना पाटी खांद्यापर्यंत उचलावी लागते. आजी म्हणाली, आम्ही बसून काम करतो, हे उभ्यानं करायचं कोणासाठी केलंस? आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, शेंगा तितक्या वाळलेल्या नव्हत्या, दाणे लहानमोठे होते, शंभरातले तीस दाणे फुटले किंवा त्यांची साल निघाली. ‘आजी म्हणते, तेल काढायला चालेल. बियाण्याला हे दाणे उगवायचे नाहीत. बियाण्याच्या शेंगा तर आम्ही हातानंच फोडतो, म्हणून तर यंत्र पाहिजे होतं.’

अहवालात ‘बियाणं’ हा शब्द एकदाही आला नव्हता.

पुढचे पाच रविवार ती आणि गटातला एक मुलगा माझ्याकडं येत होते. ड्रमवरच्या लोखंडी पट्ट्यांना जुन्या टायरच्या रबराच्या पट्ट्या लावल्या. खालची जाळी पक्की वेल्ड केलेली होती, ती कापून लांबट भोकांवर बोल्टनं बसवली, म्हणजे शेंगेप्रमाणं ड्रम आणि जाळीतलं अंतर कमी-जास्त करता येतं. हॉपर खाली आणला. शेंगा एकदम पडू नयेत म्हणून सरकती पाटी लावली, त्यामुळं मोटर आधी मोकळी सुरू होते, मग माल सोडायचा. मोटर, शाफ्ट, बेअरिंग, पुली, सगळं जुनंच. पहिल्या यंत्राला चौघांचे मिळून साडेअठरा हजार गेले होते, या दुरुस्तीला चार हजारही लागले नाहीत. परत गावी नेलं. तिच्या मोजणीनं शंभरात सात-आठ दाणे फुटले. आजी अजून समाधानी नव्हती, असं ती हसत सांगत होती.

मंडळी, त्या दुसऱ्या यंत्राला एकही गुण मिळाला नाही. निकाल आधीच लागला होता. गुण मिळाले ते कुणाच्याही उपयोगाच्या नसलेल्या पहिल्या यंत्राला. जे मी नऊ दिवसांत बांधलं होतं त्याला.

तुमच्याकडं मागणं आहे ते एवढ्याचसाठी. प्रकल्प व्हायव्हाला संपतो, आणि डिझाइन खरं सुरू होतं ते यंत्र दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. या दोन गोष्टींची गाठ आपल्या चार वर्षांत कधी पडतच नाही. ती पाडता येईल अशी जागा तुम्ही करून द्या.

हे काही परदेशातून आणायला नको. आमच्या कोल्हापूर-पुणे रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयला शिकवत होते. तिथून ते बेळगावला आले, सायकलींचं दुकान काढलं, कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला. नांगर घ्यायला कुणी तयार होईना, लोखंडानं जमीन नासते असा समज होता. शिक्षकी पेशातला माणूस तरीही मागं हटला नाही, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर कारखाना घातला. व्हीजेटीआय आजही आहे, तिथं आजही यंत्र अभियांत्रिकी शिकवतात. लक्ष्मणरावांचा नांगर बाजारानं जसा तपासला तशी तपासणी कोणत्या सत्रात बसवता येईल, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुलं तिथं गावातली कामं करत करत तंत्र शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये याच पाबळात उभी केली, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. त्या एमआयटीत १९७०च्या दशकात वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक डिझाइनच्या वर्गात प्रत्येक मुलाला सारख्याच किरकोळ सामानाची पिशवी द्यायचे. त्यातून यंत्र करायचं आणि सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या यंत्राशी भिडवायचं. तयार प्रोजेक्ट विकत आणायला तिथं वावच नव्हता. आपल्याकडं २००७ पासून कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या गाड्यांची बाहा स्पर्धा होते. इंजिनवर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांना सारखं इंजिन, आणि शेवटी चार तासांची खडतर शर्यत. ती मुलंही माझ्याकडं येतात. त्यांच्या गाडीचा स्टिअरिंग नकल तुटतो, वेल्ड सुटतो, ती रात्री अकराला येऊन सांगतात की अमुक ठिकाणी का तुटलं ते कळलं. ते ऐकून मला फार बरं वाटतं. पण बाहाला लाखांत खर्च आहे आणि एका कॉलेजातून पंचवीस-तीस मुलं जातात. उरलेल्यांचं काय?

माझ्या अल्पबुद्धीप्रमाणं इतकं करता येईल. प्रकल्प तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला चालू करा. पाचव्या सत्रात मुलांनी फक्त कुणातरी काम करणाऱ्या माणसाकडं जाऊन बसावं, मोजावं, विचारावं. सहाव्या सत्राअखेर पहिलं यंत्र व्हावं, ओबडधोबड चालेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते त्या माणसाच्या ताब्यात राहावं. आणि शेवटच्या वर्षी दुसरं यंत्र. निम्म्यापेक्षा जास्त गुण पहिल्या यंत्रात काय मोडलं, का मोडलं आणि त्यावर काय केलं, यासाठी असावेत. म्हणजे मोडणं ही लपवायची गोष्ट राहणार नाही. एआयसीटीईनं २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण श्रेयांक २२० वरून १६० वर आणले. त्यातून मोकळा झालेला वेळ मुलांच्या हातापर्यंत आलेला मला अजून दिसलेला नाही.

व्हायव्हाच्या खोलीत तिसरी खुर्ची मांडा. एक गाइडची, एक बाहेरच्या परीक्षकाची आणि एक यंत्र वापरणाऱ्याची. त्या खुर्चीवर आजी बसली असती तर ९२ टक्क्यांचं काय झालं असतं हे मी सांगायला नको. तिला गुण द्यायचा अधिकार नसला तरी चालेल, तिचं बोलणं तपासणीच्या कागदावर लिहून घ्या.

प्रत्येक मुलानं यंत्रातला निदान एक भाग स्वतः करावा आणि त्याच्या मापांचा कागद जोडावा. ड्रॉइंगमधलं माप, आलेलं माप, फरक. दीडशे मायक्रॉनची चूक पुस्तकात वाचून कळत नाही, ती बोटांना लागावी लागते. त्यासाठी कॉलेजची वर्कशॉपं रात्री नऊपर्यंत उघडी पाहिजेत. मी अशी वर्कशॉपं पाहिली आहेत जिथं लेथवर प्लॅस्टिकचं आच्छादन असतं, ते फक्त तपासणी समिती येणार असली की निघतं. चांगली, महागडी यंत्रं. माझ्याकडच्यापेक्षा कितीतरी बरी.

अपघाताची भीती खरी आहे. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीचं टोक लेथनं नेलं आहे, त्यामुळं मी ती हलकी मानत नाही. त्यावर उपाय म्हणजे अनुभवी माणूस शेजारी उभा करणं. उद्यमनगरात, इचलकरंजीत, सांगलीत साठीला आलेले कितीतरी टर्नर, फिटर आहेत, ज्यांच्या हातात चाळीस वर्षांचं काम आहे आणि ज्यांना आता जड जॉब उचलवत नाहीत. त्यांना संध्याकाळी तीन तास मानधनावर बोलवा. आमचे मेस्त्री तर मानधनाशिवाय जातील. त्या मुलीला शाफ्ट शिकवला त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, आज मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरीला शिकवलं.

एका गाइडकडं सहा-सात गट असतात आणि त्यांना स्वतःचे पेपर, नॅकचे कागद, प्रवेशाची कामं असतात हे मला ठाऊक आहे. त्यांच्यावर आणखी ओझं टाका असं मी म्हणत नाही. उलट अहवालाची पानं कमी केलीत तर त्यांचाही वेळ वाचेल. वीस पानं पुरतात, त्यातली पंधरा त्या मुलांनी स्वतः बघितलेल्या गोष्टींची. पहिल्या तीस पानांत बेअरिंगचा इतिहास लिहून कुणाचं भलं होत नाही.

आणि ज्या मुलांना पुढं सॉफ्टवेअरमध्ये जायचं आहे त्यांना हे कशाला, असं एक प्राध्यापक मला म्हणाले होते. मला त्याचं उत्तर देता आलं नाही. पण त्यांनाही माणसाकडं जाऊन बसणं, ऐकणं आणि आपलं पहिलं काम परत उघडणं लागणारच असेल, असं वाटतं.

मी माझ्यापुरतं गेल्या वर्षीपासून तयार प्रोजेक्ट देणं थांबवलं आहे. मार्चमधला धंदा कमी झाला, खोटं कशाला सांगू. जे येतात त्यांना म्हणतो, सामान तुमचं, हात तुमचे, लेथ आणि मेस्त्री माझे. सध्या तिसऱ्या वर्षाचा एक गट येतोय. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळासाठी चुलवाणात चिपाड सारायचं यंत्र करायचं त्यांच्या मनात आहे. तिथं एक माणूस दिवसभर आगीच्या तोंडाशी बसून हातानं चिपाड आत ढकलतो. जाळ कमी पडला की काहिलीतला रस बिघडतो, म्हणून त्याला उठताही येत नाही. मुलांनी आधी स्क्रू कन्व्हेयर काढला होता, पुस्तकातला, हिशेब सगळा बरोबर. तिथं गूळ करणाऱ्या गुळव्याला कागद दाखवला तर त्यानं बघितला आणि म्हणाला, ‘हे चिपाड त्या दांड्याला गुंडाळणार.’ मुलांना पटलं नाही. आम्ही पाइपवर पट्टी गुंडाळून वेल्ड केली, एक लहान स्क्रू केला, गुऱ्हाळावरून पोतंभर चिपाड आणलं आणि मोटर सुरू केली. दुसऱ्या मिनिटाला दांड्यावर चिपाडाचा हा एवढा गोळा. मुलं तो सुरीनं कापून काढत होती आणि चौघंही बोलत होती, एकाच वेळी. आता मागं-पुढं सरकणारा दट्ट्या करायचं चाललं आहे.

हे सगळं सहाव्या सत्राच्याही आधी. कॉलेजच्या वेळापत्रकात याला अजून नाव नाही, गुणही नाहीत. पोरं आपल्या हौसेनं येतात, आणि शेवटच्या वर्षी त्यांनाही तोच तक्ता भरायचा आहे.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतील. पहिल्या आठवड्यात एका रविवारी आम्ही दट्ट्या तिथं नेऊन बसवणार आहोत. चालेल की नाही, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी कोल्हापुरात असाल तर जरूर या. सकाळी लवकर या, काहील चढायच्या आधी, आणि बसायला घोंगडं असेल. गुळव्याला मी सांगून ठेवतो.

आपला नम्र,
उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला
कोल्हापूर